सणाला घरी निघालो आणि विमान लांबले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अनेक वर्षे दिल्लीत राहते आणि माझे घर वाईला आहे. गणपती, दिवाळी आणि जानेवारीतील एखादे लग्न अशा वर्षातून तीन फेऱ्या ठरलेल्या असतात. त्यांतली एक तरी फेरी विमानतळावरच्या खुर्चीत अडकते. ओळखीची मराठी माणसे अशा वेळी फोन करून जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उत्तरे मुख्यतः देशांतर्गत प्रवासाबद्दल आहेत. परदेशातून येणाऱ्यांसाठी एक प्रश्न वेगळा ठेवला आहे.

फलकावर फक्त "विलंब" असे लिहिलेले असते. खरे कारण कसे ओळखावे?

आपले विमान या क्षणी कोठे आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. देशांतर्गत मार्गांवरचे एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्लीहून पाटणा, तेथून परत दिल्ली, मग बंगळुरू, मग पुणे असा त्याचा दिवस चालतो. सकाळी दिल्लीत धुक्यामुळे दोन तास गेले, तर ते दोन तास रात्री पुण्याहून निघणाऱ्या प्रवाशाच्या वाट्यालाही येतात, आणि त्या वेळी पुण्याचे आकाश मात्र स्वच्छ असते. म्हणून "येथे तर पाऊसही नाही, मग उशीर कसला?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात सापडते.

फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर आपल्या उड्डाणाचा क्रमांक टाकला, की त्या फेरीसाठी नेमलेले विमान पुष्कळदा त्याच्या नोंदणी क्रमांकासह दिसते. भारतीय विमानांचा हा क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो. ते विमान अजून बंगळुरूच्या जमिनीवर उभे असेल आणि फलकावर पुण्याहून सुटण्याची वेळ चाळीस मिनिटांनंतरची असेल, तर ती वेळ पाळली जाणार नाही हे आपल्याला कोणी न सांगताही कळते. विमान उतरल्यावर प्रवासी उतरणे, साफसफाई, इंधन आणि नवे प्रवासी चढणे यांसाठी किमान अर्धा तास लागतो, तोही हिशेबात धरावा.

पुणे, मुंबई आणि गोवा येथे उशीर होण्याची वेगळी कारणे आहेत का?

आहेत, आणि ती ठाऊक असली तर मनाची बरीच चडफड वाचते. पुण्याचे लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी वाहतूक तेथे एका भागातून चालते आणि धावपट्टी एकच आहे. हवाई दलाचा सराव, धावपट्टीची दुरुस्ती किंवा आवारात शिरलेले जनावर यांपैकी काहीही झाले, तरी विमानाला दुसरी वाट नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी हा विमानतळ दोन आठवडे पूर्ण बंद होता. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाल्यावर बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच राहिली.

मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. जगातील अत्यंत गर्दीच्या विमानतळांपैकी एकाचा सगळा भार अशा रीतीने एका पट्टीवर पडतो, आणि जुलैतील एका जोरदार सरीने विमाने आकाशात घिरट्या घालू लागतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्ही पट्ट्या देखभालीसाठी दिवसाचे काही तास बंद ठेवतात, पण ती तारीख आधीच जाहीर झालेली असते. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. त्यामुळे तिकीट काढल्यावर आपले विमान कोणत्या मुंबईतून सुटते हे दोनदा पाहावे.

गोव्यात दाबोळी हा नौदलाचा तळ आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास तेथे नौदलाच्या उड्डाणांसाठी राखीव असतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि त्याला हे बंधन नाही. सावंतवाडी-कुडाळकडे जाणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

दिल्लीच्या धुक्याचा नेमका अडसर काय असतो? आता तर यंत्रणा आधुनिक झाल्या आहेत.

दिल्लीच्या धावपट्ट्यांवर दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे. ५० मीटरपर्यंत दृश्यमानता घसरली तरी सुसज्ज विमान आणि प्रशिक्षित वैमानिक तेथे उतरू शकतात. मात्र उड्डाणासाठी साधारण १२५ मीटर दृश्यमानता लागते. म्हणजे पहाटे एखादे विमान उतरताना दिसते आणि आपले मात्र हलत नाही. त्यात विसंगती नसते. शिवाय धुक्यात दोन विमानांमधील अंतर वाढवावे लागते आणि दर तासाला होणारी उड्डाणे कमी होतात. धुके नऊ वाजता विरले, तरी साचलेली रांग मोकळी व्हायला दुपार होते.

"वैमानिकांची कामाची वेळ संपली" हे कारण खरे असते का?

हे कारण बहुधा खरे असते, आणि त्याचा राग वैमानिकावर काढू नये. थकलेल्या माणसाने विमान चालवू नये यासाठी कामाच्या तासांची मर्यादा कायद्याने ठरवली आहे. तुम्ही तीन तास गेटवर बसलेले असता, तेव्हा वैमानिकाचेही तीन तास मोजले जात असतात आणि ती मर्यादा संपली की नवे पथक आणावे लागते. २०२५ मध्ये हे नियम दोन टप्प्यांत अधिक कडक झाले. १ जुलैपासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि १ नोव्हेंबरपासून रात्री उतरण्याची संख्याही घटवली गेली. पुढच्याच महिन्यात देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि लाखो लोक अडकले. विश्रांतीचा नियम योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे. पुरेशी माणसे वेळेवर न नेमण्याचा भार मात्र प्रवाशाने सोसला.

वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने का वाढवत नेतात? एकदाच का सांगत नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि मला स्वतःला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

काही वेळा खरोखरच कोणालाच नेमके सांगता येत नसते. वादळी ढग कधी सरकतील याचा अंदाज बदलतो आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडून मिळालेली उड्डाणाची वेळ पुन्हा पुढे जाते. परंतु येणारे विमान दुसऱ्या शहरातून निघालेच नाही, हे कंपनीला ठाऊक असते. तेव्हाही फलकावर चाळीस मिनिटांची भर टाकत राहणे ही अनिश्चितता नाही, ती माहिती दडवणे आहे.

काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी आईला घेऊन दिल्लीहून पुण्याला निघाले होते. विमान सात चाळीसचे होते. आधी साडेआठ, मग सव्वानऊ, मग दहा अशी वेळ सहा वेळा बदलली आणि शेवटी विमान रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी सुटले. आईचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते आणि तिला मधुमेह आहे. संध्याकाळी सात वाजताच कोणी "मध्यरात्रीच्या आत निघणार नाही" एवढे सांगितले असते, तर साडेनऊच्या दुसऱ्या विमानात जागा होती. ती मला दहा वाजता कळली, आणि तोवर ते विमान गेले होते. पुण्यात उतरल्यावर आईला लगेच वाईपर्यंत नेणे शक्यच नव्हते. ती माझ्या बहिणीकडे थोडी पडली आणि आम्ही घरी पोहोचलो तेव्हा प्राणप्रतिष्ठा होऊन आरतीही झालेली होती. भावाने थांबायला हवे होते असे नाही, मध्यान्हकाळ टळून चालणार नव्हते. पण लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच आई मूर्तीसमोर नव्हती.

म्हणून सांगते, तासांपेक्षा खरी माहिती अधिक मोलाची आहे. जानेवारी २०२४ मधील धुक्याच्या गोंधळानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना याबाबत स्पष्ट सूचना दिल्या. विलंबाची अचूक माहिती संकेतस्थळावर, संदेशाद्वारे आणि विमानतळावर द्यावी, आणि तीन तासांहून अधिक उशीर होण्याची शक्यता असल्यास उड्डाण पुरेसे आधी रद्द करता येईल, असे त्यांत म्हटले आहे. काउंटरवर जाऊन "येणारे विमान कोठून येणार आहे आणि ते तेथून निघाले का?" असा थेट प्रश्न विचारावा. "कधी निघणार?" या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येते. या प्रश्नाला तसे देता येत नाही.

किती तास उशीर झाल्यावर काय मिळायला हवे?

महासंचालनालयाच्या नागरी उड्डाण नियमावलीत, विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये याची तरतूद आहे. तुम्ही वेळेवर चेक-इन केले असेल, तर प्रवास अडीच तासांपर्यंतचा असल्यास दोन तासांच्या, अडीच ते पाच तासांचा असल्यास तीन तासांच्या आणि त्याहून लांबचा असल्यास चार तासांच्या उशिरानंतर खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. दिल्ली-पुणे, बंगळुरू-पुणे, मुंबई-नागपूर हे सर्व मार्ग पहिल्या गटात येतात, म्हणजे दोन तासांनंतर तुमचा हक्क सुरू होतो. कूपन कोणी आणून देईल याची वाट पाहू नये. गेटवर मागावे आणि कोणत्या दुकानात चालते तेही विचारावे, कारण मध्यरात्री निम्मी दुकाने बंद झालेली असतात.

उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर सहा तासांच्या आतील दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांपैकी निवड तुमची असते. उशीर चोवीस तासांहून अधिक असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणारे विमान सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर हॉटेल आणि तेथवरची ने-आण विनामूल्य मिळायला हवी. आमचे विमान सात चाळीसचे होते. वीस मिनिटांच्या फरकाने आईला त्या रात्री खोली मिळाली नाही. नियमातील ही रेघ मला आजही खटकते. सत्तरी ओलांडलेल्या माणसासाठी ती वेगळी असायला हवी.

केवळ उशिरासाठी रोख भरपाई मिळते का?

या नियमावलीखाली मिळत नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश वाचून अनेकांची येथे निराशा होते. रोख रक्कम दोन प्रसंगी देय असते. पहिला प्रसंग उड्डाण रद्द होण्याचा. किमान चोवीस तास आधी कळवले नाही, तर एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे व इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. दुसरा प्रसंग म्हणजे तिकीट पक्के असून जागेपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे तुम्हाला विमानात घेतले नाही. तासाभरात निघणारे दुसरे विमान दिले तर काही मिळत नाही. चोवीस तासांत निघणारे दिले तर भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, आणि त्यानंतरचे असेल तर चौपट, कमाल २०,००० रुपये मिळतात.

हवामान, संप, हवाई नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत ही रोख भरपाई लागू होत नाही. तिकीट एजंटाकडून घेतले असेल तर त्यावर स्वतःचा मोबाइल क्रमांक आहे ना, ते तपासावे. प्रवाशाचा संपर्कच दिलेला नव्हता, या कारणाने भरपाई नाकारता येते.

पैसे परत घ्यावेत की थांबावे?

दुसऱ्या विमानातील जागा हाती आल्याशिवाय पैसे परत घेऊ नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सणाच्या तोंडावर ऐनवेळचे भाडे मूळ तिकिटाच्या तिप्पट-चौपट झालेले असते. परताव्याच्या पर्यायावर बोट ठेवले, की पुढची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर येते. आधी त्याच कंपनीच्या पुढच्या विमानात विनामूल्य जागा मागावी. पुण्याला नसेल तर मुंबईची मागावी. मुंबईहून पुण्यापर्यंत रात्रभर बसगाड्या असतात. नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्यांना पर्याय कमी असतात, म्हणून त्यांनी हे बोलणे तासभर आधीच सुरू करावे.

दिल्लीहून मुंबई आणि तेथून दुसऱ्या विमानाने कोल्हापूर असे जायचे असताना पहिले विमान लांबले तर?

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील, तर पुढे पोहोचवणे ही कंपनीची जबाबदारी राहते. दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही केवळ वेळेवर न आलेले प्रवासी असता. हजार-बाराशे रुपये वाचवण्यासाठी वेगळी तिकिटे काढू नयेत. काढलीच, तर मध्ये चार तास ठेवावेत.

परदेशातून येताना विमान लांबले तर नियम बदलतात का?

बदलतात, आणि पुष्कळांना आपला हक्क ठाऊक नसतो. युरोपीय संघातील विमानतळावरून तुम्ही निघालात, तर कंपनी कोणत्याही देशाची असली तरी २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. फ्रँकफर्टहून मुंबईला तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचलात आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचे नव्हते, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच तो नियम चालतो. ब्रिटनमध्ये जवळपास असाच स्वतंत्र नियम असून तेथे कमाल रक्कम ५२० पौंड आहे. याशिवाय भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल कराराखाली उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान मागता येते. त्यासाठी पावत्या लागतात आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

वयस्क आईवडील एकटे प्रवास करत असतील तर काय काळजी घ्यावी?

औषधे हातातील पिशवीत असावीत, सामानाच्या बॅगेत कधीही नव्हे, आणि ती एका दिवसापुरती नव्हे तर तीन दिवसांपुरती असावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. सोबत घरचे खाणे द्यावे. दशम्या, धपाटे, मेथीची पोळी, शेंगदाण्याचा लाडू हे सुरक्षा तपासणीतून विनासायास जाते. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि आत गेल्यावर भरावी.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. ती चालण्यासाठी तर उपयोगी पडतेच, पण तिच्यासोबत येणारा मदतनीस गेट बदलल्याचे सांगतो, हा तिचा मोठा लाभ आहे. आता अनेक विमानतळांवर ध्वनिक्षेपकावरील घोषणा जवळजवळ बंद केल्या आहेत आणि गेट बदलल्याची सूचना मोबाइलवर येते. माझ्या आईसारख्या माणसाला तो संदेश दिसतही नाही. म्हणून तिकिटावर मुलाचा किंवा मुलीचाही क्रमांक द्यावा. एका कागदावर उड्डाण क्रमांक, पीएनआर, घरच्यांचा क्रमांक आणि आजाराचे नाव इंग्रजीत व हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून तो त्यांच्या पाकिटात ठेवावा. दर तासाला एकदा ठरलेल्या वेळी फोन करावा. सारखा फोन केल्याने त्यांची काळजी वाढते आणि बॅटरी संपते.

विमानात बसवून दार लावले आणि तासन्‌तास हललेच नाही, तर उतरता येते का?

पूर्वी हे फार अवघड होते, कारण उतरलेल्या प्रवाशांना पुन्हा आत घेण्यासाठी सुरक्षेची सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागे. २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने दीर्घ विलंबात प्रवाशांना निर्गमन दारातून बाहेर पडू देण्याची मुभा दिली. निर्णय कंपनी आणि सुरक्षा यंत्रणा यांचा असतो. तुमच्याबरोबर आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर केबिनमधील कर्मचाऱ्यांना लगेच सांगावे, असह्य होईपर्यंत थांबू नये.

आपण पोहोचलो, बॅग पोहोचली नाही. आता?

पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नये. बाहेर टॅक्सी कितीही वाट पाहत असली, तरी एकदा बाहेर गेल्यावर "बॅग आलीच नव्हती" हे सिद्ध करणे कठीण जाते. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. पूजेचे साहित्य, दागिने आणि लग्नातले नेसायचे कपडे हातातच ठेवावेत.

तक्रार कोठे करावी?

आधी कंपनीकडे, ईमेलने, तारीख आणि वेळांसह. फलकाची छायाचित्रे आणि आलेले संदेश जपून ठेवावेत, कारण वेळ कितीदा बदलली हे नंतर कोणीच मान्य करत नाही. उत्तर समाधानकारक नसेल, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या ॲपवर किंवा संकेतस्थळावर नोंद करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, त्यासाठी दिल्लीला किंवा मुंबईला जावे लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. नियमावलीत रोख रक्कम नाही म्हणून आयोगापुढेही काही मिळणार नाही, असे समजू नये. चुकीची माहिती दिली, वृद्धांना उपाशी ठेवले, या सेवेतील त्रुटी आहेत आणि त्या तेथे मांडता येतात.

गेटवरच्या कर्मचाऱ्यांशी भांडून काही उपयोग होतो का?

होत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलामुलींच्या हातात विमान नसते आणि अनेकदा त्यांना आपल्याइतकीच माहिती असते. त्या रात्री आईसाठी बिस्किटांचे दोन पुडे एका मुलीने स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून आणून दिले होते. ठाम बोलावे, नियमाचा क्रमांक सांगावा, ड्युटी मॅनेजरला बोलवायला सांगावे, पण आवाज चढवू नये.

मुहूर्त चुकवायचा नसेल तर तिकीट कोणत्या वेळेचे काढावे?

वर्षातील बहुतेक महिन्यांत पहाटेचे पहिले विमान सर्वांत भरवशाचे असते, कारण ते रात्रभर त्याच विमानतळावर उभे असते आणि दिवसभराचा उशीर त्याच्या माथी आलेला नसतो. दिल्लीहून निघणाऱ्यांनी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत मात्र हा नियम उलटा करावा आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यानचे विमान घ्यावे, तोवर धुके उठलेले असते. दिवसातील शेवटचे विमान कधीही घेऊ नये, कारण ते रद्द झाले तर रात्र विमानतळावर जाते.

आणि एक पूर्ण दिवस मध्ये ठेवावा. आता आम्ही हरितालिकेच्याही आदल्या दिवशी वाईला पोहोचतो. आई स्वतः दुर्वा निवडायला बसते आणि मूर्ती आणायला भावाबरोबर तीच जाते.